सकाळची फेरी

औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्या कडेला कातरीने खाचा पाडायच्या. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. वाचता न येणाऱ्यालाही तेवढं कळतं. माझ्या खाचा अगदी एकसारख्या असत. हे मीच सांगतोय, कारण सांगणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

रत्नागिरीच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. गाव माझं संगमेश्वराकडचं, पण सगळी उमेदीची वर्षं गेली ती या दवाखान्याच्या खिडकीत. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, ती माणूस माझ्या खिडकीत आणून देई. मग मी खलात कुटायचं, काट्यावर तोलायचं, पाण्यात मिसळायचं आणि बाटली भरून द्यायची. बाटली ज्याची त्याने आणायची. रॉकेलची, खोबरेल तेलाची, एकदा तर अत्तराची चिमुकली कुपी घेऊन एक गृहस्थ आले होते. मालगुंडची एक म्हातारी आठ दिवसांनी परत आली आणि म्हणाली की औषध गुणाचं आहे, पण तो कागद गिळताना घशाला फार खरवडतो. बाई रोज एकेक खाच फाडून औषधाबरोबर गिळत होत्या. खोकला मात्र बरा झाला होता, त्यामुळे मी काही बोललो नाही. पुढच्या पट्टीला पातळ कागद वापरला.

दवाखाना म्हणजे बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं जांभ्या दगडाचं लांबट कौलारू घर. पुरुषांची एक खोली, बायकांची एक, मध्ये ऑपरेशनची खोली, मागे स्वयंपाकघर. डॉक्टर हाताचे हुशार आणि तोंडाचे तापट. स्वयंपाकाला हेदवीचे बापूभट. झाडलोट, कपडे, आजाऱ्यांची भांडी हे सगळं भागीकडे. आजारी माणूस एकच, पण आम्ही त्याचे तुकडे करून वाटून घेतले होते. डॉक्टरांकडे त्याचं दुखणं, माझ्याकडे त्याची बाटली, बापूभटांकडे त्याची पेज आणि भागीकडे त्याचं भांडं. जो तो आपापलं काम चोख करी. त्या माणसाविषयी एकमेकांशी बोलायची मात्र आमच्याकडे पद्धत नव्हती.

एकोणीसशे वीस सालानंतरची दहा वर्षं अर्धीअधिक सरली होती, तेव्हा आमच्याकडे रूथबाई आल्या. त्या नगरकडच्या ख्रिस्ती. घाटावरच्या मोठ्या इस्पितळात नर्सिंग शिकलेल्या, उंच, सावळ्या, आवाज मोठा. समुद्र त्यांनी आमच्याकडे आल्यावर प्रथम पाहिला. आमची बोली त्यांना कळत नसे. आल्या त्या आठवड्यातच त्यांनी मला घाबऱ्या घाबऱ्या विचारलं की या लोकांना हे सुकती नावाचं काय लागतं? बाहेर बसलेली माणसं एकदम 'सुकती लागली' म्हणून उठून निघून जातात, औषधसुद्धा घेत नाहीत. मी हसत सुटलो. सुकती म्हणजे ओहोटी. खाडीपलीकडून होडीने आलेल्या माणसाला पाणी उतरायच्या आत परतावं लागतं, नाहीतर होडी चिखलात बसते.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग त्यांना आधी का नाही बघत?"

आम्ही समुद्राकाठी जन्मलेली माणसं, पण दवाखान्याचं घड्याळ आणि खाडीचं पाणी यांचा एकमेकांशी संबंध आहे हे आम्हाला नगरच्या बाईने दाखवलं. त्या दिवसापासून होडीने आलेल्यांची रांग वेगळी झाली आणि तिचा नंबर आधी लागू लागला. डॉक्टरांनी कुरकुर केली, पण पुढे तेच भरतीची वेळ विचारून बाहेर बसायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

खाडीपलीकडच्या खारवी वाडीत धाकू नावाचा तांडेल होता. तांडेल म्हणजे मचव्याचा नायक, ज्याच्या शब्दावर बाकीचे खलाशी जाळं टाकतात. बोलायला अगदी कमी. त्याची बायको जानकी डोक्यावर माशांची पाटी घेऊन वर्षानुवर्षं बाजाराला चालत आलेली. तिला अंतर्गळ झाला होता. जांघेत गाठ येई, आडवं झाल्यावर आत जाई. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. आत्ता केलं तर सोपं आहे, आतडं एकदा अडकून बसलं तर जिवावर बेतेल, असं त्यांनी धाकूला समजावून सांगितलं. ते पावसाळ्याचे दिवस होते, मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवलेले. हाताला काम नाही तोवर उरकून घेऊ म्हणून धाकू तिला घेऊन आला.

ज्या सकाळी ऑपरेशन ठरलं, त्या सकाळी बापूभटांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना पेज वाटली. जानकीलाही दिली. ती रात्रभर उपाशी, तिने वाटी चाटून पुसून संपवली. भरल्या पोटी क्लोरोफॉर्म देता येत नाही, उलटी होऊन छातीत जाते. डॉक्टर बापूभटांवर इतके ओरडले की बाजारातून येणारी माणसं रस्त्यावर थांबली. बापूभटांचं म्हणणं एकच होतं की मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते खरं होतं. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं.

आता माझं सांगतो.

क्लोरोफॉर्मची बाटली माझ्या कपाटात असे. मधल्या दिवशी माडावरून पडलेल्या एका भंडाऱ्याची मांडीचं हाड बसवायला बराच क्लोरोफॉर्म लागला. बाटली परत ठेवताना मी ती उजेडात धरून पाहिली होती. तळाशी जेमतेम बोटभर उरलं होतं. नवीन बाटली मुंबईहून आगबोटीने येई, आणि आगबोटी गणपतीनंतर सुरू होणार. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आहे हे मला ठाऊक होतं, एवढ्याशा क्लोरोफॉर्ममध्ये ते होणार नाही हेही ठाऊक होतं. तरी मी बोललो नाही. डॉक्टर आधीच तापलेले होते, हे एक कारण. दुसरं कारण असं की विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहावी आणि मी द्यावं, यातच माझं शहाणपण संपत होतं. त्यांना बहुधा माहीत असेल अशी मी मनाची समजूत घातली आणि कपाटाला कुलूप लावलं.

सकाळी जानकी टेबलावर झोपली. रूथबाईंनी तिचे हात धरले होते. डॉक्टरांनी बाटली मागितली, मी नेऊन दिली. त्यांनी ती हलवून पाहिली आणि माझ्याकडे बघत खाली ठेवली. जानकी टेबलावरून उठली, लुगडं सारखं केलं आणि विचारलं, "आज पन न्हाय?"

धाकूला सांगण्यात आलं की औषध आलेलं नाही, आगबोट लागली की या. मला ते आधी माहीत होतं, हे कुणी त्याला सांगितलं नाही. मीही नाही.

गणपती झाले. आगबोटी सुरू व्हायला चार-सहा दिवस राहिले असतील, तेव्हा जानकीचं आतडं अडकलं. खाडीच्या तोंडावर पाणी नव्हतं, भरतीची वाट बघत होडी थांबली. बंदराच्या पायऱ्यांना होडी लागली तेव्हा जानकी गेलेली होती. धाकूने तिला वर आणलं नाही. होडी तशीच वळवली. आम्हाला हे बंदरावरच्या हमालाने येऊन सांगितलं.

त्या दिवशी दुपारी बाईंनी आम्हा सगळ्यांना मलमपट्टीच्या खोलीत बोलावलं. डॉक्टरही आले. भागी दाराबाहेर उभी राहिली. बाईंनी कुणाला दोष दिला नाही. त्या दोन दिवसांत जानकीविषयी ज्याला जे माहीत होतं ते त्याने सांगावं, एवढंच त्या म्हणाल्या. बापूभट म्हणाले की पेज देताना ती क्षणभर घुटमळली होती, पण मी घे घे म्हटलं. भागी म्हणाली की जानकीने आदल्या रात्रीच मला सांगितलं होतं, उद्या उपाशी राहायचंय, पण मी हे भटांना कसं सांगणार, त्यांच्या दाराशी मी जात नाही. मग माझी पाळी आली. मी बोटभर उरलेल्या क्लोरोफॉर्मचं सांगितलं. बोलताना मी बाईंच्या पायांकडे बघत होतो.

डॉक्टर ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

बाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या सगळ्यांना मिळून सगळं माहीत होतं."

तिथून सकाळची फेरी सुरू झाली. रोज आठ वाजता डॉक्टर, बाई, मी, बापूभट आणि भागी, सगळ्यांनी एकत्र प्रत्येक खाटेपाशी जायचं. ज्याला त्या माणसाचं जे ठाऊक असेल ते त्याने तिथेच बोलायचं. आजाऱ्यालाही विचारायचं. ज्याला उपाशी ठेवायचं त्याच्या खाटेच्या दांडीला एक कल्हईची वाटी पालथी टांगायची, म्हणजे वाचता येवो न येवो, बापूभटांना आणि घरच्यांना कळेल. आणि मी क्लोरोफॉर्मची बाटली रोज सगळ्यांसमोर उजेडात धरून किती आहे ते मोठ्याने सांगायचं. शेवटची गोष्ट बाईंनी सांगितली नव्हती. ती मी स्वतःहून सुरू केली.

आता ऐकायला हे साधं वाटतं. तेव्हा पहिल्याच दिवशी अडलं. बापूभट म्हणाले, मी भागीबरोबर फिरणार नाही. खरं सांगायचं तर मलाही ते जड जात होतं. भागी जवळून गेली की मी धोतराचा सोगा आवरून घेत असे, इतक्या सवयीने की तो आपण आवरतो हे मला कळतही नसे. बाईंना ते कळत असे. त्यांनी वाद घातला नाही. भटजी, तुम्ही खोलीच्या त्या टोकाला उभे राहा, ती या टोकाला राहील, फक्त दोघेही मोठ्याने बोला, असं त्यांनी सांगितलं. त्यामुळे काही महिने आमची फेरी म्हणजे एक गंमतच होती. मध्ये खाट, या बाजूला भागी, त्या बाजूला बापूभट, आणि दोघे बंदरावर हाका मारल्यासारखे आजाऱ्याच्या पोटाविषयी बोलताहेत. आजारी लोकांना फार मजा वाटे.

दीडेक वर्ष गेलं. उन्हाळ्याचे दिवस होते. खिडकीत काशी नावाची मासे विकणारी बाई आली आणि पोटदुखीचं औषध मागू लागली. पूर्वी मी पटकन जुलाबाची बाटली भरून दिली असती. आता विचारायची सवय लागली होती. कुणाला, कधीपासून, ताप आहे का, उलटी होते का. काशीने आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. धाकू तांडेलाची लेक यशोदा. परवापासून उजव्या कुशीत दुखतं, ताप आहे, पाय पोटाशी घेऊन पडली आहे. बाप दवाखान्यात आणायचा नाही म्हणतो, म्हणून मीच चोरून औषध न्यायला आले.

मी तिला तिथेच बसवलं आणि बाईंकडे गेलो. बाई मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले की हे अपेंडिक्स असणार, आतड्याची एक बारीक शेपटी असते ती सुजते. जुलाब दिला तर ती फुटेल आणि पोरगी मरेल. आजच कापायला हवं. पण धाकूला कोण सांगणार, हा प्रश्न होता.

मी जातो म्हटलं. डॉक्टर नको म्हणाले, तुमच्याने बोलणं होणार नाही. बाईंनी फक्त पाण्याची वेळ विचारली. भरतीला दोन तास होते.

काशीच्याच होडीतून मी पलीकडे गेलो. धाकू अंगणात जाळं सांधत बसला होता. मला बघून त्याने हात थांबवला नाही. आतून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. मी वळचणीखाली उभा राहिलो आणि वाटेत जुळवलेलं सगळं विसरून गेलो. मग जे होतं तेच बोललो.

"तांडेल, जानकीच्या वेळी औषध संपत आलंय हे मला आदल्या दिवशी माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. चूक माझी होती."

त्याची जाळ्याची सुई थांबली. त्याने माझ्यावर हात उचलला असता तरी मी हललो नसतो. शेवटी त्याने मान वर केली.

"आज हाय काय त्या बाटलीत?"

"भरलेली आहे. आज सकाळीच सगळ्यांसमोर दाखवलीय."

तो उठला. शेजाऱ्याला हाक मारली, कांबळ्याची झोळी केली. होडीत पोरीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

दुपारी लख्ख उजेडात ऑपरेशन झालं. खाटेला वाटी पालथी टांगलेली होती, पाणी उकळून तयार होतं, क्लोरोफॉर्मचे थेंब बाईंनी मोजून टाकले. शेपटी फुटायच्या बेतात होती, पण फुटलेली नव्हती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. धाकू व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. पोरगी शुद्धीवर आल्यावरच तो खाली बसला.

तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला. आमच्याकडे हिवताप इतका की डॉक्टरांनी तोच धरला आणि मला क्विनीन द्यायला सांगितलं. जखमेची पट्टी पाचव्या दिवसापर्यंत उघडायची नाही, असा त्यांचा नियम होता. मी क्विनीन दिलं. चौथ्या दिवशी सकाळी फेरी तिच्या खाटेपाशी आली. डॉक्टर नाडी बघून पुढे निघाले होते.

त्या टोकाहून बापूभट म्हणाले की कालपासून हिची पेज तशीच परत येते आहे, परवा तर मागून घेत होती. मी म्हटलं की क्विनीन तीनदा दिलंय, पण हिला थंडी वाजलेली नाही, घामही नाही, एकसारखा ताप आहे. हे दोन्ही मिळूनही डॉक्टरांना काही वाटलेलं दिसलं नाही. तेव्हा भागी दाराशी पुटपुटली. बाईंनी तिला मोठ्याने बोलायला सांगितलं.

"कालपास्नं हिच्या चादरीला वास येतोय," भागी म्हणाली. "आदी येत नव्हता."

आम्ही कुणी त्या चादरी हातात धरत नव्हतो. भागी रोज धरत होती. डॉक्टर मागे फिरले. नियम बाजूला ठेवून त्यांनी पट्टी उघडली. वरून टाके स्वच्छ दिसत होते, फक्त पट्टीची खालची कड ओलसर होती. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं, एक टाका कापला आणि वाटीभर पू बाहेर आला. आणखी एक दिवस गेला असता तर तो आत पोटात उतरला असता, असं ते स्वतःच म्हणाले. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. दुसऱ्या सकाळी बापूभटांनी रिकामी वाटी सगळ्यांना उचलून दाखवली.

त्या दिवसापासून बापूभट खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिनात. आणि फेरीत एखाद्या खाटेपाशी सगळं बोलून झालं की तेच विचारू लागले, "भागाबाईंना काय वाटतं?" भागीला बाई म्हणणारे आमच्यातले ते पहिले. मी धोतराचा सोगा आवरणं कधी सोडलं ते मला आठवत नाही. भागीला मात्र आठवत असावं, आणि ते तिने मला कधी विचारू दिलं नाही.

यशोदा तीन आठवडे राहिली. धाकू भरतीबरोबर येई आणि सकाळची भरती असली की फेरीच्या वेळी दाराशी उभा राहून सगळं ऐके. घरी न्यायच्या दिवशी त्याने डॉक्टरांना, बाईंना आणि भागीला नमस्कार केला. माझ्या खिडकीशी आला तेव्हा मी मलमाची डबी बांधत होतो. त्याने ती घेतली, पण गेला नाही.

मग त्याने विचारलं, "जानकीच्या येळेला ही फेरी व्हती काय?"

मी नाही म्हटलं. ती गेली म्हणून सुरू झाली, हेही सांगितलं.

त्याने डबी कनवटीला खोवली. मग म्हणाला, "मंग ती मोडू नका."

आणि लेकीचा हात धरून पाणी उतरायच्या आत होडीकडे गेला.

पुढे रूथबाईंची बदली झाली. डॉक्टर वारले, नवे आले. ते विलायतेहून शिकून आलेले, त्यांना भटजी आणि झाडूवाली घेऊन फिरणं हास्यास्पद वाटलं. उद्यापासून हे बंद, असं त्यांनी सांगितलं. मी जन्मात वरिष्ठांना उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी मी म्हणालो की साहेब, एकदा आमच्याबरोबर फिरून बघा आणि मग बंद करा. दुसऱ्या सकाळी ते आले, हात मागे बांधून, नाखुशीने. तिसऱ्या खाटेपाशी भागाबाईंनी काहीतरी सांगितलं. साहेब थांबले, वाकले आणि त्यांनी त्या माणसाची पट्टी उघडायला सांगितली.